पुन्हा पहिल्यापासून

संगीत ऐकणाऱ्यांची काही भांडणं कधीच मिटत नाहीत, आणि ती मिटू नयेत असंच भांडणाऱ्यांना मनातून वाटत असतं. पियानोच्या चाहत्यांमधलं असं एक जुनं भांडण नऊ बारांवरून आहे. फ्रान्झ शूबर्टने १८२८च्या सप्टेंबरात बी फ्लॅट मेजरमधली एक सोनाटा लिहून पुरी केली. ती त्याची शेवटची सोनाटा. ओटो एरिश डॉइचने केलेल्या सूचीत तिचा क्रमांक ९६० आहे, म्हणून चाहते तिला नुसतं 'डी ९६०' म्हणतात. तिच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये हे नऊ बार येतात. वाजवायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागत असतील. पण ते वाजवावेत की गाळावेत यावर मोठमोठ्या पियानिस्टांचे तट पडलेले आहेत.

गेली काही वर्षं हे भांडण माझ्या घरात येऊन बसलं आहे. ते कसं, हे सांगण्याआधी ती सोनाटा थोडी सांगायला हवी.

बी फ्लॅट म्हणजे आपली काळी पाच. मी लहानपणी गाण्याच्या क्लासला जायचे तेव्हा आम्हां मुलींची पेटी याच पट्टीत लागायची, त्यामुळे या सोनाटाचा सा मला घरचाच वाटत आला आहे. सुरुवातीला दोन्ही हात जवळजवळ ठेवून, अगदी हळू आवाजात, एक साधी चाल येते. ती फार वर जात नाही, फार खाली जात नाही. प्रार्थनेला जमलेली माणसं एका आवाजात गातात तशी एकेक पायरी पुढे सरकते. पहिलं वाक्य पंचमावर येऊन टेकतं, आणि मग आठव्या बारात, पियानोच्या पार डाव्या टोकाला, खर्जाच्याही खाली, एक ट्रिल होते. ट्रिल म्हणजे शेजारशेजारचे दोन स्वर भराभर आलटून-पालटून वाजवणं. इथे ती कोमल धैवतावर आहे. वरच्या चालीत जिचा मागमूस नाही अशी ही काळी तीन तळाशी क्षणभर गुरगुरते, पंचमावर उतरते आणि थांबते. शांतता. मग चाल पुन्हा सुरू होते, जणू काही झालंच नाही.

पण झालेलं असतं. थोड्याच वेळात तीच काळी तीन स्वतः सा होऊन बसते आणि चाल तिच्या घरात जाऊन गायली जाते. त्यानंतर येणारी दुसरी मुख्य चालही तिथलीच, फक्त आता गंधार कोमल झालेला. म्हणजे आठव्या बारातली ती गुरगुर ही नुसती सजावट नव्हे. पुढच्या सगळ्या प्रवासाची दिशा तिच्यात आहे. आपल्याकडे एखादा गवई आलापीत एक विवादी स्वर नकळत लावून जातो आणि अर्ध्या तासाने कळतं की त्याला तिथेच जायचं होतं, त्यातला हा प्रकार.

आता ते नऊ बार. सोनाटाच्या पहिल्या भागाला, म्हणजे मुख्य चाली मांडण्याच्या भागाला, एक्स्पोझिशन म्हणतात. तो संपला की शूबर्ट दोन शेवट लिहून ठेवतो. पहिला शेवट घेतला की पुन्हा पहिल्यापासून सगळं वाजवायचं. दुसरा घेतला की सरळ पुढे जायचं. हा पहिला शेवट नऊ बारांचा आहे आणि तो या मूव्हमेंटमधल्या कशासारखाच नाही. तुटक, अडखळणारा, मधूनच उसळणारा. त्याच्या टोकाला तीच खर्जातली ट्रिल येते, पण या वेळी फोर्टिसिमो, म्हणजे जितकी जोरात वाजवता येईल तितकी. संपूर्ण मूव्हमेंटमध्ये ती ट्रिल बाकी प्रत्येक वेळी दबक्या आवाजात आहे. मोठ्याने फक्त इथे. ती गरजते, थांबते, आणि मग पुन्हा ती प्रार्थनेची चाल, हळू आवाजात, पहिल्या शब्दापासून.

ज्याने पुनरावृत्ती गाळली त्याच्या वादनात हे नऊ बार असतच नाहीत. मला हे कळलं ते असं. नव्वदच्या दशकात मुंबईच्या ऱ्हिदम हाउसमधून मी ब्रेंडलची सीडी घेतली होती. ते दुकान २०१६ साली बंद झालं, सीडी अजून आहे. ती मी इतक्या वेळा ऐकली की दळण-कांडण करताना आजीला ओव्या यायच्या तशी ती मला यायची. बऱ्याच वर्षांनी एका रात्री इंटरनेटवर रिख्टरचं रेकॉर्डिंग लावलं, आणि एक्स्पोझिशनच्या शेवटी, जिथून पुढे जायचं तिथे, हे अनोळखी नऊ बार आले. राहत्या घरात एक खोली जास्तीची निघावी तसं झालं. त्या खोलीत कोणीतरी ओरडत होतं.

तेव्हापासून मी ही सोनाटा जमेल त्याची ऐकते. कोणाची श्रेष्ठ हे ठरवण्याचा नाद मात्र लवकरच सुटला. एकाच प्रश्नाची ही वेगवेगळी उत्तरं आहेत असं वाटू लागलं. आपल्याकडे वेळ किती आहे, आणि गेलेल्या वाटेने परत जाण्यात काही अर्थ आहे का, असा काहीसा तो प्रश्न.

सुरुवात आर्टुर श्नाबेलपासून करावी लागते, कारण या सोनाटा मैफिलीत वाजवण्याजोग्या आहेत हे जगाला पटवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. शूबर्टच्या हयातीत त्याच्या शेवटच्या तीन सोनाटा छापल्या गेल्या नाहीत. त्या हुम्मेलला अर्पण कराव्यात असं त्याच्या मनात होतं. छापायची वेळ येईपर्यंत शूबर्टला जाऊन दहाएक वर्षं झाली होती आणि हुम्मेलही वारला होता, म्हणून प्रकाशक डिआबेलीने त्या शूमानला अर्पण केल्या. त्यानंतर बराच काळ बेथोव्हेनच्या सावलीत त्या दिसेनाशाच झाल्या होत्या. व्हिएन्नात श्नाबेलचा गुरू लेशेटिझ्की त्याला म्हणे सांगायचा की तू पियानिस्ट व्हायचा नाहीस, तू संगीतकार आहेस, आणि शूबर्टच्या सोनाटा पुढ्यात ठेवायचा.

श्नाबेलचं डी ९६०चं रेकॉर्डिंग १९३९चं आहे. आवाज जुना, मागे खरखर. तव्याच्या एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटं मावायची तो काळ, त्यामुळे एवढी मोठी सोनाटा तुकड्यातुकड्यांनीच रेकॉर्ड व्हायची. पण ऐकताना तुकडे जाणवत नाहीत. श्नाबेल चालतं ठेवतो. त्याची चाल म्हणजे संध्याकाळी फिरायला निघालेल्या, बोलता बोलता पाय उचलणाऱ्या माणसाची चाल. ट्रिल येते तेव्हा तो क्षणभर थांबून कान देतो आणि पुढे निघतो. पुनरावृत्ती तो करत नाही. एकदा सांगितलं, तुम्ही ऐकलंत, चला.

ब्रेंडलही पुनरावृत्ती करत नाही, पण त्याचं न करणं वेगळं आहे. त्याने त्यावर विचार केलेला आहे आणि लिहिलेलंही आहे. त्याचा मुद्दा थोडक्यात असा की या नऊ बारांचं उरलेल्या मूव्हमेंटशी नातं लागत नाही. त्यांतली सामग्री पुढे कुठे येत नाही. आणि ट्रिल जर एकदा गरजली, तर तिचं दूर असणं, तिचं गूढ संपतं. या युक्तिवादात दम आहे हे ब्रेंडल ऐकताना पटतं. त्याच्या वादनात ट्रिल कधीच जवळ येत नाही. डोंगरापलीकडे कुठेतरी ढग वाजतात, पण आपल्या अंगणात पाऊस पडत नाही. पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर संपणारी ती मूव्हमेंट एखाद्या नीट बांधलेल्या वाड्यासारखी उभी राहते. कुठली खिडकी कुठे उघडते ते सगळं कळतं. ब्रेंडलने २००८च्या डिसेंबरात जाहीर वादन थांबवलं. त्या शेवटच्या वर्षाच्या मैफिलींमध्ये तो हीच सोनाटा वाजवत होता. १७ जून २०२५ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, तो लंडनला गेला. त्या आठवड्यात मी ती जुनी सीडी काढली. वाडा जागच्या जागी होता.

आणि मग रिख्टर. शूबर्टने पहिल्या मूव्हमेंटवर 'मोल्टो मॉडेराटो' असं लिहिलं आहे, म्हणजे 'अगदी मध्यम'. ही सूचनाच मोठी गमतीची आहे. मध्यम म्हणजे मध्यम, त्यात अगदी ते काय? श्नाबेल त्यातून चालती मध्य लय काढतो, तर रिख्टर सरळ विलंबित. १९७२च्या त्याच्या साल्झबुर्गच्या रेकॉर्डिंगमध्ये ही एकच मूव्हमेंट २४ मिनिटांहून अधिक चालते. त्यात पुनरावृत्ती आहे हे खरं, पण ती वजा केली तरी लय इतरांपेक्षा कितीतरी संथ आहे. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं की याचं पुढे जायचं मनच नाही. दोन स्वरांमध्ये इतकी जागा की त्यात भीती शिरावी.

रिख्टरचं म्हणणं असायचं की वाजवणाऱ्याने लिहिलं आहे ते वाजवावं, स्वतःची भर घालू नये. पुनरावृत्त्या गाळणाऱ्यांबद्दल त्याला प्रेम नव्हतं. गंमत अशी की 'मी फक्त लिहिलेलं वाजवतो' म्हणणाऱ्या या माणसाइतकं वेगळं कोणीच वाजवत नाही. १९५७ साली ग्लेन गूल्ड मॉस्कोला गेला असताना त्याने रिख्टरकडून ही सोनाटा ऐकली. गूल्डला शूबर्टच्या पुन्हा पुन्हा तेच सांगण्याचा कंटाळा होता. रिख्टरवरच्या ब्रुनो मोंसँजाँच्या चित्रपटात गूल्ड स्वतः सांगतो की इतक्या संथ सुरुवातीने तो आधी चक्रावला आणि मग तासभर संमोहित झाल्यासारखा बसून राहिला. जी लांबण त्याला नकोशी वाटायची, तिच्यातच तो अडकला.

रिख्टरच्या हातून ते नऊ बार येतात तेव्हा खरंच दचकायला होतं. आठेक मिनिटं आपण इतक्या हळू आवाजाला सरावलेलो असतो की ती फोर्टिसिमो ट्रिल अंगावर येते. मग शांतता. मग पहिली चाल, तेच स्वर, तीच लय, तोच हळू आवाज. कागदावर एका टिंबाचा फरक नाही. पण आता आठव्या बारातली दबकी ट्रिल आली की आपण आधीच श्वास धरलेला असतो, कारण ती काय करू शकते हे आपल्याला ठाऊक झालेलं असतं.

या ट्रिलबद्दल बोलताना बहुतेक जण लगेच मृत्यूकडे जातात. ते सहज शक्य आहे. सोनाटाच्या हस्तलिखितावर २६ सप्टेंबर १८२८ ही तारीख आहे आणि १९ नोव्हेंबरला, एकतिसाव्या वर्षी, शूबर्ट गेला. पाचसहा वर्षं सिफिलिसने त्याला गाठलेलं होतं. सप्टेंबरात तो प्रकृतीसाठी व्हिएन्नाबाहेरच्या वस्तीत थोरल्या भावाकडे, फर्डिनांडकडे, राहायला आला होता. एवढं वाचलं की ट्रिल म्हणजे दारावर पडलेली थाप वाटू लागते.

पण मला त्याच दिवसांतल्या दुसऱ्या गोष्टी जास्त छळतात. २ ऑक्टोबरला त्याने प्रोब्स्ट या प्रकाशकाला पत्र लिहून तीन सोनाटा देऊ केल्या, त्या काही ठिकाणी वाजवल्या आणि लोकांना आवडल्या असंही कळवलं. त्याच महिन्यात तो भावाबरोबर आयझेनश्टाटला पायी गेला, हायडनच्या समाधीचं दर्शन घ्यायला. आणि ४ नोव्हेंबरला, म्हणजे जाण्याआधी पंधरा दिवस, सिमोन झेख्टर या शिक्षकाकडे त्याने काउंटरपॉइंटची शिकवणी सुरू केली. जो माणूस शिकवणी लावतो त्याच्या डोक्यात पुढची वर्षं असतात. त्यामुळे ही सोनाटा म्हणजे निरोप, असं मी धरून चालत नाही. वेळ किती आहे हे माहीत नसलेल्या माणसाने ती लिहिली आहे. ते तर आपल्या सगळ्यांचंच आहे.

विल्हेल्म केम्फ ऐकताना हे पटतं. साठच्या दशकात त्याने शूबर्टच्या सोनाटांचा संच रेकॉर्ड केला, त्यातली ही. तो पुनरावृत्ती करतो, पण रिख्टरसारखी गुहा खोदत नाही. त्याचा पियानो गातो आणि आवाज कधी जड होत नाही. ट्रिल ऐकून असं वाटतं की पलीकडच्या खोलीत कोणीतरी झोपेत कूस बदलली. नऊ बारही तो फार उग्र करत नाही. मित्सुको उचिदा त्याच्या उलट टोकाला जाते. तिची सुरुवात इतकी हळू आवाजात की आपण पुढे वाकून ऐकतो, आणि म्हणून नऊ बारांचा आघात अधिक बसतो. आंद्राश शिफने ही सोनाटा १८२०च्या सुमारास व्हिएन्नात बनलेल्या ब्रोडमान पियानोवर वाजवली आहे. त्या लाकडी सांगाड्याच्या, बारीक तारांच्या वाद्यात खर्ज घुमत नाही, खडखडतो. आजच्या पियानोवर जी ट्रिल धुक्यासारखी पसरते, तिच्यातला एकेक स्वर तिथे सुटा ऐकू येतो. शूबर्टच्या कानांत असाच काहीसा आवाज असणार. त्यात गूढ कमी असेल, पण माणूस जवळ आल्यासारखा वाटतो.

आता घराचं सांगते.

माझे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. मनमाडच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी झाली. गेली चार वर्षं त्यांची स्मृती जात चालली आहे. सकाळचं जेवण दुपारी आठवत नाही, माझं नाव कधी येतं कधी नाही. पण एक प्रश्न पक्का आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी ते मान वळवून विचारतात, "लाइन क्लिअर मिळाला का?" पुढच्या स्टेशनाने रूळ मोकळा असल्याचं कळवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम. ती मंजुरी म्हणजे लाइन क्लिअर. मी म्हणते, "मिळाला, बाबा." ते मान डोलावतात. थोड्या वेळाने पुन्हा.

माझा धाकटा भाऊ परदेशात असतो. तो रोज फोन करतो, पैसे पाठवतो, वर्षातून एकदा येऊन पंधरा दिवस राहतो. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक वेळी उत्तर देत बसण्यात अर्थ नाही. "ताई, एकदा सांगितलंस, पुरे. विषय बदल. टीव्ही लाव. तू दमशील." त्याचं चुकत नाही. मी दमते. दिवसातून साठ-सत्तर वेळा 'मिळाला, बाबा' म्हणताना शब्दांतला जीव निघून जातो.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत मी हळू आवाजात संगीत लावते. त्यांना पियानोचं काही नाही, ते भीमसेनवाले. पण हरकतही नसते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमाराला त्यांच्या ओरडण्याने मला जाग आली. पलंगाजवळच्या टेबलावर ते स्टीलचा पेला आपटत होते. "कोणी सोडली? लाइन क्लिअर नसताना गाडी कोणी सोडली?" मी त्यांना जन्मात ओरडताना ऐकलं नव्हतं. घरी आवाज न चढवणारा माणूस. चेहरा घामाने डबडबलेला, डोळे माझ्या पलीकडे कुठेतरी रुळांवर. मी हात धरला तर त्यांनी झटकला. मग एकदम थांबले. पेला खाली ठेवला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. आणि मग नेहमीच्या, मऊ, ड्यूटीवरच्या आवाजात मला म्हणाले, "अगं, लाइन क्लिअर मिळाला का?"

तोच प्रश्न, शब्दही तेच. पण मला आता कळलं होतं की त्याच्या तळाशी काय आहे. अडतीस वर्षांच्या नोकरीत रोज, प्रत्येक गाडीमागे, हा माणूस ही भीती पोटात घेऊन खुर्चीत बसला होता, आणि आम्हाला तिचा आवाज कधी ऐकू आला नव्हता. मी म्हणाले, "मिळाला, बाबा. रूळ मोकळा आहे." ते झोपले. त्यानंतर मी ते उत्तर यांत्रिकपणे देऊ शकलेले नाही. दमणं कमी झालेलं नाही. पण शब्द पुन्हा भरले आहेत.

भावाला मी त्या रात्रीचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला नाही त्यांना तसं ऐकायचं." मला ते समजलं. त्याच्याकडचे बाबा कधी ओरडलेले नाहीत. ते दूर आहेत, शांत आहेत, आणि त्याने त्यांना तसंच जपून ठेवलं आहे. ब्रेंडलच्या वाड्यासारखे. त्या वाड्यात मीही वर्षानुवर्षं राहिले आहे, आणि तो खोटा नाही. एकदाच ऐकलेल्या गोष्टीचीही एक अखंडता असते. फक्त माझ्याकडे आता त्या नऊ बारांनंतरची पुनरावृत्ती आहे आणि ती मला वाजवायची आहे.

दुसरी मूव्हमेंट मी बाबांच्या खोलीत जास्त वेळा लावते. आंदान्ते सोस्तेनुतो. ही काळी एकमध्ये आहे, आपल्या पुरुष गवयांच्या नेहमीच्या पट्टीत. उजवा हात मधल्या सप्तकात एक दुखरी चाल धरून ठेवतो आणि डावा हात खालून उडी मारून त्याच्यावरून पलीकडे जातो, परत येतो, पुन्हा जातो. एकच सा वेगवेगळ्या सप्तकांत, दिव्याच्या खांबांसारखा. रिख्टर इथे जवळजवळ थांबतोच. केम्फ झोके घेतो. शेवटाकडे एक जागा येते, तिथे कोमल स्वरांच्या त्या काळोखातून शूबर्ट काहीही सूचना न देता अर्ध्या पायरीने खाली, सी मेजरमध्ये, पांढऱ्या पट्ट्यांवर येऊन उभा राहतो. आवाज आणखी हळू. उचिदा तिथे जे करते ते मला शब्दांत सांगता येणार नाही. दार उघडत नाही, फक्त भिंत नाहीशी होते. पुढे मूव्हमेंट शुद्ध गंधाराने संपते, दुःख आवरल्याचा आव न आणता.

तिसरी मूव्हमेंट, स्केर्त्सो, हलकी, नाजूक, पाण्यावरून चपटा दगड उड्या मारत जावा तशी. आणि मग शेवटची. ही शेवटची मूव्हमेंट पुष्कळांना खटकते. इतक्या गंभीर दोन मूव्हमेंटांनंतर ही नाचरी चाल कशाला? पण तिची सुरुवात ऐका. एक 'जी' स्वर, दोन सप्तकांत एकदम, घंटेसारखा. म्हणजे आपल्या काळी पाचच्या हिशेबात शुद्ध धैवत. तो वाजतो, टिकतो, आणि त्यानंतर चाल भलत्याच घरातून निघते, मग हळूहळू आपल्या साकडे येते. प्रत्येक फेरीला हीच घंटा. चाल संपली की घंटा, पुन्हा चाल, पुन्हा घंटा. कोणी कितीही वेळा बोलावलं तरी ती तितक्याच उत्साहाने येते. ब्रेंडल इथे खट्याळ होतो, त्याच्या वाड्यात कोणीतरी जिन्यावरून घसरगुंडी खेळतं. श्नाबेल तर धावतोच. रिख्टर घंटा मोठी करतो आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत वाट बघतो.

अगदी शेवटी मात्र शूबर्ट एक गोष्ट करतो. चाल तुटते, तुकडे होतात, मध्ये शांतता येते. घंटा वाजते, शुद्ध धैवत. मग तीच घंटा अर्धा स्वर उतरते, कोमल धैवतावर. पहिल्या मूव्हमेंटच्या आठव्या बारात तळाशी गुरगुरली होती तीच काळी तीन. या वेळी तिच्यात कंप नाही. सरळ, स्थिर, उघड. आणि तिथून ती पंचमावर उतरते. त्यानंतर थोडेसे वेगवान बार उरतात आणि सोनाटा संपते.

श्नाबेल हे तीन स्वर घाईने ओलांडतो. ब्रेंडल त्यांतलं नातं नीट दाखवतो, शिक्षकाने फळ्यावर रेघ ओढावी तसं. ज्याने ते नऊ बार वाजवलेले असतात, त्याच्याकडून ते ऐकताना मला प्रत्येक वेळी एकच वाटतं, की ज्या आवाजाने आपल्याला दचकवलं होतं, तो आता घाबरलेला नाही. रिख्टर कोमल धैवतावर जरा जास्त थांबतो. पुढच्या स्टेशनाचा होकार यायची वाट बघावी, इतकाच वेळ.